दहा पावलांचा खेळ, मुंबईचा फेरा

मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात सकाळी दहानंतर मुलांना बाहेर सोडता येत नाही. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, कूलर दिवसभर फिरत राहतात आणि सुटीत जमलेली मामे-आते भावंडं अर्ध्या अंधाराच्या खोल्यांमध्ये आपापल्या स्क्रीनपुढे बसतात. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव इथल्या कितीतरी घरांत आता फायबर आलं आहे. घरात एखादा डेस्कटॉप असतो, कॉलेजात जाणाऱ्यांचे लॅपटॉप असतात. चौघांनी एकत्र खेळायचं ठरलं की वाद निघतो: घरात तार ओढायची, की वाय-फायवर भागवायचं?

हा वाद तारेवर थांबत नाही. कोणाशी खेळायचं, कोणाच्या यंत्रावर खेळायचं आणि तो खेळ उद्या आपल्याकडे राहील का, हे प्रश्न तारेमागोमाग येतात. म्हणून तो दोन तोंडांनी मांडतो आहे. मामा टेलिफोन खात्यात केबलच्या जोडण्या करत निवृत्त झालेले. भाची सेवाग्रामला इंजिनिअरिंग शिकणारी, खेळणारी आणि खेळाबद्दल विचार करणारी. ही दोघं मी मतांना आवाज मिळावा म्हणून उभी केली आहेत. मतं मात्र आपल्या घराघरांतली आहेत.

भाची: मामा, भिंतीला भोक पाडायचं काही कारण नाही. शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे. सगळं वाय-फायवर चालतं.

मामा: चालते, तर मग काल धाकटा मागच्या खोलीतून ‘लॅग, लॅग’ काहून ओरडून राहिला होता?

भाची: कंपनीचं नेट हळू असेल. प्लॅन वाढवू आपण. दोनशेचा घेऊ.

मामा: तू मोजलं का? मागच्या खोलीतल्या लॅपटॉपवर पिंग १९२.१६८.१.१ लिहून पाय. तो आपलाच राउटर आहे, बैठकीतला. कंपनीचा, इंटरनेटचा त्यात काही संबंध नाही. पॅकेट खोलीतून बैठकीत जाते आणि परत येते, तेवढंच.

भाची: (थोड्या वेळानं) चार मिलिसेकंद, पाच... मधेच एकशे नव्वद. परत सहा.

मामा: आणि बैठकीत बसून?

भाची: एक, दोन. एकदाही वर गेलं नाही.

मामा: म्हणजे जे बिघडून राहिलं ते आपल्याच घरात, बैठक आणि मागच्या खोलीच्या मधात. दोनशेचा प्लॅन घेतला तरी ती भिंत तिथेच राहील. आणि भिंतीला लागून खिडकीत काय आहे? लोखंडी पत्र्याचा कूलर, त्यात टाकीभर पाणी आणि भिजलेल्या वाळ्याच्या ताट्या. लोखंड रेडिओलहर परतवते, पाणी ती पिऊन टाकते.

भाची: मान्य. पण मग राउटर मागे नेऊ. किंवा एक रिपीटर लावू.

मामा: रिपीटर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो. बहुतेक स्वस्त रिपीटर दोन्ही कामं एकाच हवेत करतात, म्हणजे वेळ दुप्पट. वाय-फायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकानंच बोलायचं असते. आईचा मोबाइल, टीव्ही, शेजाऱ्याचा राउटर, सगळे त्याच हवेत रांग लावून आहेत. व्हिडिओला ते चालून जाते, तो पुढचं थोडं आधीच साठवून ठेवतो. खेळाला पुढचं साठवता येत नाही. पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून तर तो खेळ.

मामांचं हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. इंटरनेट विकताना वेगाचा आकडा सांगितला जातो, आणि घरोघरी तोच आकडा वाढवायची धडपड चालते. पण बहुतेक खेळांना वेग फार कमी लागतो. डायल-अप मोडेमच्या काळातही लोक ‘क्वेक’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळले. खेळाला लागतो तो कमी उशीर, आणि तो उशीर दर वेळी सारखा असणं. पाइपाची रुंदी आणि पाणी पोहोचायला लागणारा वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे आपण रुंदीचे भरतो आणि त्रास वेळेचा काढतो.

मामा: आता दुसरी गोष्ट सांग. काल तू बैठकीत होती, धाकटा मागच्या खोलीत. दोघंही एकमेकांविरुद्ध खेळून राहिले होते. तुमचा खेळ कुठे चालला होता?

भाची: सर्व्हरवर. मुंबईत.

मामा: तुमच्या दोघांत अंतर दहा पावलांचं. वर्धा ते मुंबई रेल्वेनं साडेसातशे किलोमीटरच्या वर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या जायला पावणेचार मिलिसेकंद, परतीचे तेवढेच. हे सरळ गेलं तर. प्रत्यक्षात वाटेत किती यंत्रं, किती वळणं. तुझी गोळी मुंबईला जाऊन शेजारच्या खोलीत येते. तारेनं जोडलं तर हेच काम एका मिलिसेकंदाच्या आत होते.

भाची: हे गणित मलाही येतं, मामा. पण तुम्ही एक विसरून राहिले. मी फक्त धाकट्याशी खेळत नाही. माझी टीम आहे. एक पुण्यात, एक नाशकात, एक अमरावतीत. त्यांना मी कुठून तार ओढू? आणि ‘व्हॅलोरंट’ घरच्या नेटवर्कवर चालतच नाही. त्याला कंपनीचा सर्व्हर लागतो. ‘स्टारक्राफ्ट टू’ २०१० मध्ये आला तेव्हाच त्यातून लॅनची, म्हणजे घरच्या नेटवर्कवर खेळायची, सोय काढून टाकली होती. तुम्ही म्हणता तो काळ संपला.

मामा: काढून टाकली, हेच तर मी सांगून राहिलो. कोणाच्या सोयीसाठी काढली? १९९३ च्या डिसेंबरात ‘डूम’ आला, तेव्हा चार कॉम्प्युटर आपसांत जोडून चार जण खेळत. ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग १९९९ चा, त्यात आठ जण. खेळ तुमच्या कपाटात, नेटवर्क तुमच्या घरात. आता खेळ कोणाच्या तरी दूरच्या खोलीत असतो आणि तुम्ही दारातून पाहता. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली. एका रात्रीत पोरांचा खेळ गेला. त्याच्या जागी बीजीएमआय आला २०२१ मध्ये, २०२२ मध्ये तोही दुकानातून उतरवला, २०२३ च्या मे महिन्यात परत आला. बंदी चूक की बरोबर हे मी बोलत नाही. पोरांच्या हातात काय होतं, ते विचारून राहिलो.

भाची: आणि माझ्या हातात काय होतं? तुम्ही त्या जुन्या काळाचं बोलता. दहा-वीस रुपये तासाचे सायबर कॅफे, एका रांगेत आठ कॉम्प्युटर, ‘काउंटर-स्ट्राइक १.६’. दादा रोज जायचा. ते लॅनच होतं ना? मी एकदा तरी गेले का तिथे? मला कोणी जाऊ दिलं असतं का? लाकडी खोपटी, आत सगळी मुलं, शिव्या. मी खेळायला लागले ती घरात इंटरनेट आल्यावर. नाव बदलून, माइक बंद ठेवून. माझ्या टीममधल्या दोघीही तशाच. तुमच्या तारेनं आम्हाला बाहेर ठेवलं होतं, मामा. इंटरनेटनं आत घेतलं.

मामा: (बराच वेळ गप्प) हे मी धरलंच नव्हतं.

या ठिकाणी मला भाचीच्या बाजूनं उभं राहावंसं वाटतं. त्या कॅफेंच्या आठवणी आज मोठ्या प्रेमानं सांगितल्या जातात, आणि त्या सांगणारे जवळपास सगळे पुरुष असतात. तारेचं नेटवर्क ज्या जागेत असतं त्या जागेचे नियम त्याला लागू होतात. जागा मुलींसाठी बंद असेल तर नेटवर्कही बंद. ऑनलाइन खेळात मुलींना त्रास होत नाही असं नाही. आवाज ओळखू आला की काय काय ऐकावं लागतं ते त्यांना विचारा. पण तिथे दार तरी उघडं होतं.

मामा: माइक बंद ठेवून खेळत होती म्हणाली. ते काहून?

भाची: मुलगी आहे कळलं की सुरू होतात.

मामा: मग घरातच चौघं बसून खेळाल तेव्हा माइक लागणारच नाही. तोंडानं ओरडता येईल. कॅफेत तुला जाऊ दिलं नाही, ती चूक घरच्यांची आणि त्या जागेची. घर तर तुझं आहे. तार तूच ओढ, सर्व्हर तूच चालव.

भाची: तरी माझी टीम राहतेच ना जी.

मामा: राहू दे. घरची तार टाकल्यानं मुंबईचा रस्ता बंद होत नाही. उलट त्या रस्त्याचा पहिला तुकडा साफ होतो. बैठकीपर्यंत तारेनं, पुढे फायबरनं. एकशे नव्वदचा तो झटका निघून जाईल, मग तू कोणाशीही खेळ.

भाची: बरं. पण एक सांगते, जिल्ह्यातल्या बहुतेक पोरांकडे कॉम्प्युटरच नाही. मोबाइल आहे. त्यांना तुमची तार काय कामाची?

मामा: तुम्ही होस्टेलवर काय करत होता?

भाची: ‘मिनी मिलिशिया’. एकानं हॉटस्पॉट सुरू करायचा, बाकीच्यांनी जोडायचं. डेटा लागतच नव्हता.

मामा: तेच लॅन. बिनतारेचं. एका खोलीत सगळे असले, मधात भिंत नसली, तर वाय-फायही बरं चालते. माझं भांडण भिंतीशी आणि गर्दीशी आहे.

भाची: मग सगळ्यांनी बैठकीतच बसावं. राउटरला मागे चार पोर्ट आहेत. चार लहान तारा लावू. भोक कशाला?

मामा: बैठकीत कूलर आहे का?

भाची: नाही.

मामा: मे महिन्यात दुपारी तीन वाजता चार कॉम्प्युटर सुरू करून तिथे बसशील? ग्राफिक्स कार्डवाला एक डेस्कटॉप खेळताना दोन-तीनशे वॅट ओढतो, आणि ते सगळं उष्णता होऊन खोलीतच राहते. वर्ध्यात पोरं कूलर असेल तिथेच बसणार. म्हणून एकच तार बैठकीतून मागच्या खोलीत, तिथे पाच किंवा आठ पोर्टचा गिगाबिट स्विच, आणि स्विचमधून प्रत्येकाला एकेक तार. स्विचमध्ये प्रत्येकाचा रस्ता वेगळा. एकाचं बोलणं दुसऱ्याला अडवत नाही.

भाची: कॅट-सिक्स घेऊ ना? बाजारात फार स्वस्त पण मिळते.

मामा: फार स्वस्त असली तर ब्लेडनं तार खरवडून पाय. आतून पांढरी निघाली तर ते अॅल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. वाकवली की तुटते, आणि तांब्याइतकी वीज नेत नाही. आत-बाहेर तांबं पाहिजे. लांबीची मर्यादा शंभर मीटर, आपल्या घराला ती लागत नाही. विजेच्या वायरिंगच्या पाइपातून नेऊ नको, दोन्हींत अंतर ठेव.

भाची: कनेक्टर मी लावते. रंगांचा क्रम पाठ आहे. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

मामा: हिरव्याच्या मधात निळी जोडी का येते, सांग.

भाची: ते... मानकात तसं आहे.

मामा: तिसरी आणि सहावी पिन एका जोडीची. आतल्या चार जोड्या पिळलेल्या असतात. दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या की बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच चढतो, आणि शेवटी एकीतून दुसरी वजा केली की तो निघून जातो. ग्रॅहॅम बेलनं १८८१ मध्ये याचं पेटंट घेतलं, टेलिफोनसाठी. तुम्ही आज खेळता ते त्याच पिळावर. आता कोणी रंग ओळीनं लावले, हिरवा-हिरवा शेजारी, निळा-निळा शेजारी, दोन्ही टोकांना सारखेच, तर टेस्टरचे आठही दिवे बरोबर लागतील. पण तीन आणि सहावर दोन वेगळ्या जोड्यांच्या तारा गेल्या. पीळ गेला, गोंगाट राहिला. दिवे लागतात आणि नेटवर्क अडखळते. लोक स्विच बदलत बसतात.

भाची: हे आम्हाला कोणी शिकवलं नाही.

मामा: हातानं केल्याशिवाय ते शिकता येत नाही. पीळही अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलायचा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये याच वर्ध्यात परिषद भरली होती, हातानं काम करता करता शिकावं म्हणून. गांधीजींची नई तालीम तिथून निघाली.

भाची: मामा, गांधीजींचं नाव खेळाला जोडू नका. त्यांच्या शाळेत हातानं सूत निघत होतं, कापड होत होतं. आम्ही गोळ्या मारतो.

मामा: बरोबर आहे. मागे घेतो. पण धाकट्याच्या हातात क्रिम्पिंग टूल दे, एवढं तर कर.

पुढचं बोलणं लवकर उरकलं, कारण त्यात फारसा वाद नव्हता. राउटर प्रत्येक यंत्राला १९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता आपोआप देतो. असे पत्ते घरगुती वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत, ते बाहेरच्या जगात चालत नाहीत. विंडोजमध्ये हे नेटवर्क ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदवायचं, आणि फायरवॉलमध्ये फक्त त्या खेळाला परवानगी द्यायची. खेळ दिसत नाही म्हणून अख्खी फायरवॉल बंद करण्याची सवय फार आहे. ती मोडायला हवी, कारण मग ती बंदच राहते.

खेळांबद्दल दोघांचं एकमत झालं. कॅफेच्या काळात चोरीच्या सीड्या चालत, आता त्यांची गरज नाही. ‘झिरो ए.डी.’, ‘सुपरटक्सकार्ट’, ‘लुआंटी’ हे फुकट आणि मुक्त परवान्याचे खेळ आहेत. घरच्या नेटवर्कवर ते इंटरनेटशिवाय चालतात. ‘माइनक्राफ्ट’च्या जावा आवृत्तीत लॅनवर खुलं करण्याची सोय आहे. पैसे लावायच्या खेळांचा प्रश्नच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं त्यांवर बंदीचा कायदा केला आणि ई-स्पोर्ट्स त्यापासून वेगळे धरले.

भाची: सर्व्हर कोण होणार? ज्याच्या यंत्रावर खेळ, त्याला उशीर शून्य. बाकीच्यांवर अन्याय.

मामा: तुझ्या आईचा तो जुना लॅपटॉप, स्क्रीन फुटलेला. त्यावर नुसता सर्व्हर ठेव. कोणी त्यावर खेळायचं नाही. आणि लाईन गेली तरी त्याची बॅटरी आहे. राउटर आणि स्विच इन्व्हर्टरवर टाक, दोघांना मिळून एखाद्या बल्बाएवढीच वीज लागते.

भाची: पण ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये सर्व्हर वेगळा ठेवून काय फायदा? त्यात सगळ्यांनाच सारखं थांबावं लागतं. नेटवर्कवरून फौजा जात नाहीत, फक्त हुकूम जातात. प्रत्येक कॉम्प्युटर तीच लढाई स्वतः मांडतो. एकाचं यंत्र मंद असलं की सगळे मंद.

मामा: हे मला माहीत नव्हतं. म्हणजे सगळ्यांत जुनं यंत्र ज्याचं, त्याच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं.

भाची: हो जी. मला तो खेळ त्यासाठीच आवडतो. आणखी एक, मामा. शेजारच्या काकूंची मुलंही येतील म्हणतात. गच्चीवरून त्यांच्याकडे तार टाकू का?

मामा: नाही. ते अजिबात नाही.

भाची: वीस मीटर तर आहे!

मामा: एक मीटर असली तरी नाही. दोन घरांची अर्थिंग वेगळी. तांब्याची तार दोन्हींना जोडते. मे-जूनमध्ये इकडे वीज कशी पडते ते तू पाहते. ती जवळपास कुठेही पडली तरी गच्चीवरच्या तारेत झटका येतो, आणि तो स्विचमधून चारही कॉम्प्युटरपर्यंत जातो. यंत्रं तर जातीलच, हात लावलेला माणूस पण जाईल. दोन घरं जोडायची तर मधात फायबर टाक आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लाव. काच वीज नेत नाही. फायबरच्या आत ताणासाठी लोखंडी तार असते कधी कधी, तशी घेऊ नको. नाही तर पोरांना इकडेच बोलाव.

भाची: बोलावते. आणि पुण्याच्या दादाला? मी घरी सर्व्हर ठेवला तरी तो बाहेरून जोडू शकणार नाही. पोर्ट उघडून पाहिला, होत नाही.

मामा: राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता काय आहे?

भाची: शंभर पॉइंट बहात्तर... असं काहीतरी.

मामा: मग तो पत्ता तुझा एकटीचा नाही. जगात जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण ४२९ कोटी, ते पुरले नाहीत. म्हणून कंपनी एका खऱ्या पत्त्यामागे कितीतरी घरं बसवते. शंभर-चौसष्टपासून शंभर-एकशे सत्तावीसपर्यंतचे पत्ते त्याच कामासाठी राखून ठेवले आहेत. बाहेरचा माणूस त्या पत्त्यावर तुझं दार वाजवू शकत नाही.

भाची: त्यावर माझ्याकडे उत्तर आहे. टेलस्केल किंवा झिरोटियर. दोन्ही घरं आतूनच एकमेकांना शोधतात आणि खासगी जाळं तयार होतं. दादाचा लॅपटॉप आपल्या मागच्या खोलीतच असल्यासारखा दिसेल.

मामा: आणि त्यात तुला ठाऊक नसलेलं कोणी येणार नाही?

भाची: मी बोलावीन तेच येतील.

मामा: मग हे तुझं मला पटलं. हे मला शिकव.

दोघांचं सगळं जुळलं असं नाही. अनोळखी माणसांशी खेळण्यात मामांना अजूनही धोका दिसतो, आणि भाचीला त्यातच मोकळेपणा सापडला आहे. माझ्या मते दोघांनीही ते मत सोडू नये. पण वाटेतल्या एका गोष्टीवर दोघं एकमेकांना धरून उभे आहेत: घरातलं नेटवर्क घरातल्या माणसांना कळलं पाहिजे, आणि त्यांच्या हातानं उभं राहिलं पाहिजे.

तेव्हा या सुटीत प्लॅन वाढवायला कंपनीला फोन लावण्याआधी, मुलं जिथे बसतात त्या खोलीतून राउटरला पिंग करून पाहा. बहुतेक घरांत राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आकडा पाच-दहा मिलिसेकंदांच्या खाली राहिला आणि उड्या मारल्या नाहीत, तर दोष बाहेर आहे, कंपनीला जरूर विचारा. शंभर-दोनशेच्या उड्या दिसल्या, तर दोष तुमच्या भिंतीत आहे. तिथे एक शुद्ध तांब्याची कॅट-सिक्स ओढा, आणि तिचा एक कनेक्टर घरातल्या मुलीला लावू द्या.